आकाश पालना

टांगेवाल्यानं विचारलं तेव्हा मधुमतीचं लक्ष घोड्याच्या पाठीवर वाळलेल्या घामाच्या पांढऱ्या रेषेकडे होतं. सांगानेरी गेटपाशी ती टांग्यात बसली होती. दुर्गापुऱ्याला, टोंक रस्त्यावरच्या बागेत, एवढंच तिनं सांगितलं होतं. मोतीडुंगरी मागं पडली, रस्ता मोकळा झाला, आणि टांगेवाला मागं न वळता, हवापाण्याचं बोलावं तसा म्हणाला, "अच्छा, वो पालने वाली जगह. बाईसा, वहाँ बच्चा छोड़ने का कोई काग़ज़ लगता है क्या?" तिला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. कसलं मूल, कुणी सोडायचं, असं तिनं विचारलं. त्यानं लगाम एका हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं बैठकीखालून घडी घातलेला एक गुलाबी कागद काढून तिच्यापुढं धरला. त्याच्या गल्लीत एक बाई होती, चार मुली, नवरा दिवाळीच्या सुमाराला गेला, आता पाचवी झालेली. गल्लीतल्या मास्तरांनी कागद वाचून दाखवला होता: दुर्गापुरा की आनंद-बाग में आकाश पालना, सब के लिए, शीतला अष्टमी से चालू. 'सब के लिए' म्हणजे जातपात बघत नसणार, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मधुमतीनं कागद हातात घेतला. शाई अजून बोटाला लागत होती. तो खेळ आहे, झूला आहे, तिथं कुणाचं मूल ठेवून घेत नाहीत, असं तिनं हळू आवाजात सांगितलं. टांगेवाल्यानं लगाम पुन्हा दोन्ही हातांत घेतला. मग म्हणाला, "तो फिर उसको क्या कहूँ?" आणि हे त्यानं तिला विचारलं की घोड्याला, ते तिला कळलं नाही.

चूक तिला ठाऊक होती. पंधरा दिवसांपूर्वी, छापखान्यात कागद जायच्या आदल्या दिवशी, ती वडिलांच्या, नानांच्या टेबलाशी लाल पेन्सिल घेऊन बसली होती. जाहिरातीचा मजकूर नानांनी जाण्यापूर्वी लिहून ठेवलेला, त्यांच्या नकाशे काढणाऱ्या हाताच्या चौकोनी अक्षरात. आपल्याकडे जत्रेतलं ते उभं फिरणारं मोठं चाक म्हणजे आकाशपाळणा, हे शेंबड्या पोराला कळतं. पण इथं जयपुरात पालना म्हणजे तान्ह्या मुलाचा, घरातला, दोरी ओढायचा. दुसरा अर्थच नाही. चाकाला इथं झूला म्हणतात, म्हातारी माणसं डोलर म्हणतात. नानांनी आयुष्यभर केलं तेच इथंही केलं होतं: मराठी शब्दातला ळ काढून तिथं ल बसवला आणि झाली हिंदी. महिला कॉलेजच्या लायब्ररीत बसून मुलींच्या निबंधातल्या चुका खुणा करून परत देणारी मधुमती पेन्सिलीचं टोक त्या शब्दावर टेकवून बसली होती. रेघ ओढायची, वर 'झूला' लिहायचं, दोन सेकंदांचं काम. कागदावर त्यांच्या पेनाचा दाब उमटलेला होता. पाठीमागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागायची. तिनं पेन्सिल खाली ठेवली होती. सकाळी बागेतला कोंडिबा कागद घेऊन गेला, आणि आठ हजार प्रती शहरभर गेल्या.

नानांची हिंदी हा घरातला जुना विनोद होता. कऱ्हाडचे उमाकांत खासनीस तीस वर्षं मिलिटरीच्या बांधकाम खात्यात सुपरवायझर म्हणून हिंडले, अंबाला, झाशी, महू, शेवटी जयपूर, पण हिंदी त्यांच्या अंगाला लागली नाही. ते मिस्त्रींना म्हणायचे, "गलत किया तो शिक्षा देगा," आणि मिस्त्री खूश व्हायचे, साहेब शिकवणार म्हणून. शाळकरी वयात मधुमतीला याची इतकी लाज वाटायची की ती त्यांच्याबरोबर बाजारात जायची ती चार पावलं मागून. मग दुरुस्त करायला लागली. ते चिडत नसत. "असं होय? लिहून ठेव," म्हणायचे, आणि पुढच्या वेळी तेच चुकायचे. कार्तिकात त्यांना हॉस्पिटलात नेलं, तेव्हाही त्यांनी छातीवर हात ठेवून नर्सला सांगितलं, "यहाँ कळ आती है." नर्सला ऐकू आलं 'कल'. ती केरळची, तिचीही हिंदी उसनीच. ती समजुतीनं म्हणाली, "कल का नहीं बाबा, आज का बोलो." नाना पुन्हा म्हणाले, कळ आती है, कळ. आणि मधुमती त्यांच्या उशाशी उभी राहून, नेहमीच्या, किंचित दमलेल्या आवाजात म्हणाली, "नाना, कळ नाही. दर्द म्हणा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि आज्ञाधारकपणे मान हलवली. पुढच्या दहा मिनिटांत त्यांना काही म्हणायची गरज उरली नाही. पुढं आल्यागेल्यांनी, आईनंसुद्धा, शेवटी काय बोलले म्हणून विचारलं. बोलता येत नव्हतं, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. खरं तर त्यांना बोलता येत होतं. त्यांची शेवटची गोष्ट तिनं दुरुस्त करून घेतली होती.

बाग त्यांनी निवृत्त झाल्यावर, बावन्न साली काढली. या गावात बघायला पुष्कळ आहे, ओरडायला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. ठाकूरसाहेबांची जुनी जांभळाची बाग भाड्यानं घेतली, आणि लष्कराच्या भंगारातून एकेक खेळ उभा केला. पंपाच्या खोलीत भिंतीवर आलेखाचा लांबच लांब कागद होता. नाना गेल्यानंतर मधुमती त्या खोलीत गेली ती त्यांचा मफलर शोधायला, आणि त्या कागदासमोर दुपारभर उभी राहिली. दर रविवारचा एक ठिपका, बारा वर्षांचे. साधारण अडीचशे माणूस. त्रेपन्नला घसरगुंडी आली, तिथं रेघ सहाशेवर उडी मारते आणि आठव्या रविवारी परत अडीचशेला येऊन बसते. छप्पन्नला गोल फिरणारे घोडे, नऊशे, अकरा आठवडे. अठ्ठावन्नला ट्रॉलीची रेलगाडी आली आणि नानांनी हत्तीवर फलक बांधून जोहरी बाजारातून ढोल वाजवत फिरवला. त्या रविवारी चौदाशे बारा, पुढच्या रविवारी तीनशे. शेजारी बारीक अक्षरात: 'लोक हत्ती बघायला आले. हत्ती संपला.' आणि खाली आणखी एक ओळ, वेगळ्या शाईत, पुष्कळ नंतरची असावी: 'नव्या खेळाचा ताप चढतो तसा उतरतो. पहिल्यांदा आणता येतं. दुसऱ्यांदा माणूस कशासाठी येतो?' उत्तर नव्हतं. तिनं आयुष्यात पुस्तकं पुष्कळ वाचली होती, माणसाच्या मनाच्या तळाशी जाणारी म्हणून नावाजलेली. पण आपला बाप बारा वर्षं दर रविवारी संध्याकाळी या भिंतीसमोर उभा राहून एकच प्रश्न विचारत होता, हे तिला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

चौदाशे बारा हा बागेचा आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. आणि आता हवे होते पाच हजार. दोन उन्हाळ्यांपूर्वी ठाकूरसाहेबांकडे थिएटर बांधणारे लोक आले होते. ठाकूरसाहेबांना नानांचा लोभ होता, पण थिएटरचाही होता. त्यांनी पत्र धाडलं: चौसष्टच्या गणगौरीच्या सणापर्यंत कुठल्याही एका दिवशी पाच हजार आणून दाखवा, आमचे कामदार, म्हणजे कारभारी, समक्ष मोजतील, दाखवलेत तर बाग आणखी दहा वर्षं तुमची, नाही तर रिकामी करून द्या. नानांनी पत्र वाचून चहा मागवला आणि त्याच दिवशी चाकाचं चित्र काढायला घेतलं. बारा पाळणे, ट्रकचा आस, लष्करी पुलाचे लोखंडी तुकडे. दिवसही त्यांनीच ठरवला. होळीनंतर आठव्या दिवशी शीतलेची अष्टमी. चाकसूच्या डोंगरावर यात्रा भरते आणि अर्धं जयपूर, पोराबाळांसकट, बागेच्या फाटकावरून जातं आणि फाटकावरून परत येतं. माणसं बोलवायची कशाला, म्हणायचे, त्यांच्या वाटेत उभं राहायचं. ते गेले तेव्हा दोन पाळणे बसवायचे राहिले होते. ते कोंडिबानं बसवले. कोंडिबा त्यांच्याबरोबर कऱ्हाडहून निघालेला फिटर, साठी उलटलेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तो पान्हा घेऊन वर चढला आणि संध्याकाळपर्यंत खाली आला नाही.

आईचा, तारामतीबाईंचा, या सगळ्यावर विश्वास नव्हता. कऱ्हाडला भावाकडे जायचं तिनं मनात पक्कं केलं होतं. ट्रंकेत रोज एक एक वस्तू जात होती. "तुझ्या नानांनी जन्मभर लोकांना गोल फिरवलं," ती भांडी पुसता पुसता म्हणायची, "त्यात मी पहिली." मधुमतीनं गुलाबी कागदाची हकिकत सांगितली तेव्हा ती आधी हसली, मग पदर तोंडाशी धरून बसली, आणि मग म्हणाली की बरंच झालं, एवढी एकच चूक राहिली होती करायची.

अष्टमीला अकरा दिवस उरले होते. चूक आता पायांनी चालत फाटकाशी यायला लागली. चांदपोल बाजारातला एक वृद्ध शेठ लहान मुलांच्या जुन्या झबल्यांचं गाठोडं घेऊन आला आणि अनाथांना वाटा म्हणाला. कोंडिबानं त्याला चाक दाखवलं. शेठनं मान वर करून ते पाहिलं आणि इतक्या उंचावर मुलं का ठेवता, असं विचारलं. दोन नर्सबाया चौकशीला आल्या. कॉलेजच्या प्राचार्याबाईंनी मधुमतीला बोलावून, दुःखात माणूस समाजसेवेकडे वळतो हे किती चांगलं, असं म्हटलं. ती आभार मानून बाहेर आली आणि लायब्ररीच्या दोन कपाटांमध्ये, जुन्या बांधणीच्या वासात, डोळे मिटून उभी राहिली. कानामागं काहीतरी गरम सरकत होतं. ती लाज होती, आणि ती जुनीच होती. चार पावलं मागून चालणाऱ्या मुलीची.

त्या संध्याकाळी ती छापखान्यात गेली. नवी पत्रकं काढा, 'झूला' घाला, असं सांगायचं होतं. छापखान्याचा मालक चष्मा कपाळावर सरकवून तिचं सगळं ऐकत राहिला. मग त्यानं मागच्या दोरीवर वाळत घातलेले कागद दाखवले. अष्टमीच्या यात्रेचीच सगळी: बडा झूला, बिजली का झूला, कानपूर का मशहूर झूला. "बहनजी, झूला तो हर मेले में है," तो म्हणाला. "पालना किसी में नहीं. आपके पिताजी ने लिखा है, सोच के ही लिखा होगा." नानांनी सोचके वगैरे काही लिहिलेलं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. ते सांगायला तिनं तोंड उघडलं. पण कुणीतरी पहिल्यांदाच नानांच्या हिंदीला शहाणपण देऊ केलं होतं, आणि ते त्या माणसाच्या हातातून काढून घ्यावं असं तिला वाटेना. ती तशीच परत आली.

होळी झाली. रंगपंचमी इथं कुणी खेळत नाही, आईनं तेवढा शिरा केला. दुसऱ्या दिवशी दुर्गापुऱ्याच्या बसमध्ये मधुमतीच्या पुढच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या. घुंगट ओढलेला, त्यामुळं आवाजच फक्त. एक सांगत होती, या साली मातेच्या वाटेवर आभाळातला पाळणा बांधलाय. एक म्हातारा दक्षिणी होता, त्यानं बांधला आणि बांधून झाल्यावर देह ठेवला. मातेला नमस्कार करून येताना मूल मांडीवर घेऊन त्यात बसायचं, म्हणजे वरून मातेची थंड नजर पडते, देवी येत नाही, गोवर येत नाही. दुसरीनं विचारलं, कुणी सांगितलं? पहिली म्हणाली, सगळेच सांगतात. मधुमती खिडकीच्या गजाला धरून बसली. हे कुणी छापलं नव्हतं, कुणी हत्तीवर चढवलं नव्हतं. एक शब्द चुकला, आणि चुकलेल्या जागेतून लोकांनी आपलं स्वतःचं काहीतरी आत आणून ठेवलं. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. ती शिकलेली होती. गोवर कशानं येतो हे तिला माहीत होतं. उद्या या बायका त्या विश्वासानं येतील आणि आपण फाटकात उभं राहून त्यांची संख्या मोजू. नानांना ही चोरी वाटली असती का? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, नाना असते तर म्हणाले असते, असं होय? लिहून ठेव. तिनं ठरवलं की जी विचारील तिला खरं सांगायचं. तेवढं आपल्या हातात आहे. मग पाच हजारांचं काय होईल ते होवो.

यात्रेला जाणारे आदल्या रात्रीच पुढं गेले होते; अष्टमीला सकाळी नऊपर्यंत रस्ता रिकामा होता. चाक जांभळांच्या डोक्यावर स्तब्ध उभं होतं, निळ्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. फाटकाच्या दोन खांबांशी मोजणीची व्यवस्था होती. नाना नेहमी दोन रकान्यांत मोजायचे, पायांनी येणारे आणि कडेवर येणारे. कोंडिबानं तीच पद्धत ठेवली होती, उजव्या खांबावर चालत्यांची, डाव्यावर कडेवरच्यांची, दर शंभराला खडूची एक रेघ. समोर खुर्ची टाकून ठाकूरसाहेबांचे कामदार भंवरसिंहजी बसले होते, केशरी साफा, हातात छडी, अत्यंत अदबीचा माणूस. प्रत्येक वाक्यात आदराचं 'हुकम'. त्यांचा एक मुनीम त्यांच्याजवळ वही घेऊन. साडेनऊला चाकसूच्या बाजूनं धूळ दिसली. आधी घुंगरं ऐकू आली, मग पहिली बैलगाडी वळणावरून पुढं आली आणि थांबली. गाडीभर बायका होत्या, आणि त्यांतल्या तिघींच्या अंगावर पिवळी ओढणी, मधोमध लाल गोल. मूल झालेल्या बाईनं पांघरायचा तो 'पीला'. तेरा वर्षं जयपुरात राहून मधुमतीनं तो लग्नामुंजीत पाहिला होता, कुठं एखादा, गर्दीत हरवलेला. त्या गाडीमागं दुसरी गाडी थांबली, मग बस, मग ट्रक, आणि दहा वाजेपर्यंत टोंक रस्त्यावर दिसेल तिथवर पिवळं झालं.

पहिल्या बाईला तिनं ठरवल्याप्रमाणं सांगितलं. हा साधा झूला आहे, माझ्या वडिलांनी बनवलाय, याच्यात बसून देवीचा रोग टळत नाही, मुलाला दवाखान्यात टोचून आणा. बाई तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. तिनं घुंगट दोन बोटांनी वर करून मधुमतीकडे नीट पाहिलं, वेड्या माणसाकडे पाहावं तसं नव्हे, उगाच काळजी करणाऱ्या थोरल्या जावेकडे पाहावं तसं. "पालना भी तो झूला ही होवे है, बाईसा," ती म्हणाली. "टीका लगवा लेंगे. अब बैठने दो." आणि बसली. मधुमतीनं आणखी चाळीस-पन्नास जणींना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, एकीनं दवाखाना कुठं आहे ते विचारून घेतलं, आणि सगळ्या बसल्या. चाक इतक्या सावकाश फिरत होतं की त्याला खेळ म्हणायचं धाडस दुसऱ्या कुणी केलं नसतं. नानांनी पाळणे खोल केले होते, चहूबाजूंनी कठडा, आत माणूस छातीपर्यंत बुडे. तेव्हा ती म्हणाली होती, नाना, यात थरार काय राहिला? आता तिला दिसलं, जन्मात कधी घराच्या गच्चीपलीकडे न चढलेल्या बायका मांडीवर मूल घेऊन वर जात होत्या आणि वर गेल्यावर, जिथं खालून सासरा दीर कुणी तोंड ओळखू शकत नव्हतं तिथं, एकेक घुंगट मागं पडत होता. खाली येताना तो पुन्हा ओढला जायचा. उतरल्या की त्या फाटकाकडे जात नव्हत्या. पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहत होत्या.

दुपारी आई आली. टांग्यातून उतरली ती हातात पितळी डबा घेऊन. आजच्या दिवशी इथं चूल पेटवत नाहीत, म्हणून तिनंही कालच्या पुऱ्या आणल्या होत्या. फाटकाशी ती काही वेळ नुसती उभी राहिली. मग तिनं डबा कोंडिबाजवळ दिला, पदर खोचला आणि कुणी न सांगता पाळण्याशी जाऊन बायकांना हाताला धरून बसवायला आणि उतरवायला लागली. "पाय आत घे गं, मतलब अंदर लो," तिचा आवाज चालू होता. आईचा टांगेवाला तोच, सांगानेरी गेटवरचा. त्यानं दुसऱ्या एका टांग्याकडे छडीनं खूण केली. त्यातून एक पांढऱ्या ओढणीतली बाई उतरत होती, चार मुली आणि कडेवर पाचवी. ती कुणाशी बोलली नाही. सहाजणी एकाच पाळण्यात मावल्या, वर गेल्या, आणि वरून धाकट्या दोघींचं किंचाळून हसणं खाली आलं. टांगेवाला मधुमतीकडे पाहून ओशाळल्यासारखा हसला आणि घोड्याच्या तोंडातला फेस पुसायला लागला. तिच्या मनात आलं, त्या दिवशी त्यानं जे विचारलं त्याचं उत्तर तिच्याकडे आजही नाही. पण ती बाई मुलगी कडेवर घेऊन वर गेली होती आणि मुलगी कडेवर घेऊनच खाली आली.

पाचच्या सुमारास कामदार खुर्चीवरून उठले. उजव्या खांबावर तेहतीस रेघा होत्या, डाव्यावर अठरा. मुनीमानं वहीत तेहतीसशे लिहिले होते. कामदारांनी अदबीनं हात जोडले आणि म्हणाले की हुकम, मेळा फार सुंदर भरला, ठाकूरसाहेबांना मी स्वतः सांगेन, पण आकडा काही भरला नाही. रस्त्यावरची गर्दीही आता विरळ होते आहे. कोंडिबानं डावा खांब दाखवला. कामदार हसले. कडेवरची मुलं कुठं मोजतात का? गाडीत त्यांना जागा लागत नाही, पंगतीत पान लागत नाही. कोंडिबाच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "मोजली न्हाईत तर आलीत कशी?" तो म्हणाला, "वाऱ्यानं उडून?" मधुमतीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं कामदारांना विचारलं की ठाकूरसाहेबांच्या पत्राची नक्कल जवळ आहे का. ती त्यांनी आणली होती, खिशात, उर्दू वळणाच्या देवनागरीतली. मोठ्यानं वाचा, ती म्हणाली. ते वाचू लागले: किसी भी एक दिन पाँच हज़ार प्राणी, आणि तिथं थांबले. मधुमतीला आता आठवलं, या शब्दावर नाना आठवडाभर हसले होते. मराठीत प्राणी म्हणजे जनावर. ठाकूरला माणसं नकोत, गाई-म्हशी आणू, कोंडिबा. तिनं तेव्हा दुरुस्त केलं होतं. नाना, हिंदीत प्राणी म्हणजे जीव, ज्याच्यात श्वास आहे तो. असं होय, लिहून ठेव, ते म्हणाले होते.

"कामदारजी," ती म्हणाली, तिचा आवाज लायब्ररीत बोलावा तसा हळूच होता, "आपके साहब ने न आदमी लिखा है, न औरत. प्राणी लिखा है. गोद का बच्चा प्राणी नहीं है?" रांगेतल्या बायका वळून ऐकत होत्या. मग मागून एक म्हातारी पुढं आली, हातातलं नातवंड तिनं कामदारांच्या साफ्याइतकं उंच धरलं आणि तिच्या खेडवळ बोलीत म्हणाली, "थे भी कदे गोदी मैं छा, कामदारजी. जद थांनै कोई गिण्यो कोनै कांई?" तुम्हीही कधी मांडीवर होतात, तेव्हा तुम्हाला कुणी मोजलं नाही का? एक हसली, मग दुसरी, आणि ते हसू रांगेच्या टोकापर्यंत धावत गेलं, घुंगटांच्या आतून, पिवळ्या पिवळ्या लाटेसारखं. कामदारांचे कान लाल झाले. त्यांनी मुनीमाच्या हातातून वही घेतली, स्वतःच्या हातानं तेहतीसशेखाली अठराशे लिहिले, बेरीज मारली, आणि सही केली. मग त्यांना राहवलं नाही. त्यांनी म्हातारीच्या हातातल्या मुलाच्या गालाला छडीच्या मुठीनं हलकंच टोचलं आणि म्हणाले, "ठीक है हुकम. दस बरस."

कोंडिबा खांबाला टेकून जमिनीवर बसला. बायांनी त्याला पाणी दिलं. पुढं काय करायचं असं त्यानं विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, आता मोजू नकोस, दोन्ही दारं सताड उघडी टाक, आणि चाक चालू ठेव. तेवढ्यात कुणीतरी तिचा हात धरला. पिवळ्या ओढणीतली एक बाई, जुळ्यांची आई, दोन्ही खांद्यांवर एकेक. पाळण्यात चढायचं तर एक हात मोकळा हवा. तिनं एक मूल सरळ मधुमतीच्या अंगावर टाकलं आणि मागून आईनं, आपल्याच आईनं, दुसऱ्या कुणा बाईला ढकलावं तसं तिला आत ढकललं. कठडा लागला. पायांखालची जमीन हलली आणि निघून गेली. आधी जांभळांची पानं, मग जांभळांचे शेंडे, मग नुसती हवा. मूल जड होतं, झोपेनं ऊन झालेलं, त्याच्या टाळूला तेलाचा आणि शिळ्या पुरीचा वास होता. चाक सर्वात वर जाऊन थांबलं. खाली पाळणे भरत होते. तिथून टोंक रस्ता दिसत होता, दुर्गापुऱ्याचं स्टेशन, शेती केंद्राची हिरवी चौकोनी शेतं, आणि चाकसूकडून अजूनही येतच असलेल्या गाड्या. कामदारांना विरळ वाटली ती गर्दी संपलीच नव्हती. ती फक्त रस्त्यावरून बागेत आली होती. रडू येणार म्हणून तिनं ओठ आवळले, आणि ते हसू निघालं, मोठं, तिला स्वतःलाच अनोळखी.

शेजारच्या बाईनं घुंगट मागं टाकला होता. ती तोंडभर वारा घेत होती. मग तिनं विचारलं, हा पालना कुणी बांधला. "माझ्या," मधुमती मराठीतच सुरू झाली आणि थांबून म्हणाली, "नाना ने."

बाईचा चेहरा उजळला. इथल्या बोलीत नाना म्हणजे आईचे वडील, मुलाचे आजोबा; म्हणजे मधुमतीचंही मूल घरी असणार, असं तिनं धरलं. तिनं मधुमतीच्या मांडीवरल्या आपल्याच मुलाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कौतुकानं मान डोलावली. "भाग वालो टाबर छै थांको," ती म्हणाली, "जिण को नाना आभै मैं पालना बांध ग्यो."

तुझ्या लेकराचं नशीब थोर, त्याच्या आजोबांनी आभाळात पाळणा बांधला. त्या वाक्यात किती चुका होत्या ते मधुमतीला एका दमात मोजता आलं असतं. मांडीवरचं मूल तिचं नव्हतं, घरीही तिला मूल नव्हतं, आणि नाना हे ते नाना नव्हते. पाळणा हलकासा झुलला. तिनं मुलाला आणखी जवळ घेतलं.

"हाँ," ती म्हणाली, "नाना ने बांधा." आणि चाक खाली निघालं.